आधी पाणी मोजा, मग बोट आणा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा आला की जिल्ह्यातल्या तलावांवर आणि धरणांवर जलक्रीडा सुरू कराव्यात ही मागणी हमखास वर येते. त्या यादीत वॉटर स्कीइंग असतेच. पण यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावरचा मामला असतो. तिकीट फाडले, लाइफ जॅकेट चढवले, दहा मिनिटे पाण्यावर फिरून आले. स्लॅलम वॉटर स्कीइंग, म्हणजे बोटीमागे दोरीला धरून, पायातल्या स्कीवर (फळीवर) उभे राहून पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना (खुणेच्या फुग्यांना) आळीपाळीने वळसे घालणे, त्या पठडीतले नाही. तो आखीव कोर्सवर, सेकंदाच्या आणि सेंटिमीटरच्या हिशेबाने खेळला जाणारा खेळ आहे. कोल्हापुरात तो यावा, आणि चांगल्या पायावर यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. बोट ही या खेळातली शेवटची खरेदी. पहिले काम पाणी शोधण्याचे आणि मोजण्याचे. हा क्रम उलटा झाला तर महागडी बोट धक्क्याला बांधून राहते आणि खेळ काही सुरू होत नाही.

हा खेळ शंभर वर्षांचा आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने टोके वाकवलेल्या दोन फळ्या पायांत अडकवल्या आणि मोटारबोटीमागे दोरीला धरून तो पाण्यावर उभा राहिला. तिथून सुरुवात झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक खेळ म्हणून दाखवला गेला. तोवर स्लॅलम, उड्या आणि करामती असे तीन प्रकार स्पर्धेत रुळले होते. कोल्हापूरसाठी आम्ही त्यातला फक्त स्लॅलम सुचवतो. उडीसाठी पाण्यात मोठा उतरता फलाट उभा करावा लागतो आणि पडण्याची इजाही जबर असते. स्लॅलमला लागतात ते बोये, दोरी, एक स्की, बोट आणि सरळ पाणी.

कोर्स कसा असतो ते नीट सांगायला हवे, कारण जागेची निवड त्यावरच ठरते. आत शिरायच्या दारापासून (दार म्हणजे बोयांची जोडी) बाहेर पडायच्या दारापर्यंत कोर्सची लांबी २५९ मीटर. मधून बोट सरळ रेषेत जाते. त्या रेषेपासून ११.५ मीटर बाजूला खेळाडूने वळसा घालायचे सहा बोये असतात, एक उजवीकडे, पुढचा डावीकडे, असे आळीपाळीने. दारापासून पहिला बोया २७ मीटरवर, तिथून पुढचा प्रत्येक बोया ४१ मीटरवर आणि सहाव्यापासून बाहेरचे दार पुन्हा २७ मीटरवर. बोटीसाठी मध्ये जी गल्ली असते तिच्या दोन्ही बाजूंच्या बोयांत जेमतेम २.३ मीटर अंतर असते. बोट जाताना ते बोये तिच्या अंगाला घासतात म्हटले तरी चालेल. दारांचे, गल्लीचे आणि वळशाचे मिळून बोये होतात २२. कोर्सच्या दोन्ही टोकांना दाराबाहेर ५५ मीटरवर खुणेच्या जोड्या लावल्या की २६.

बोट ताशी ५८ किलोमीटरने जात असेल तर हे २५९ मीटर १६.०८ सेकंदांत संपतात. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत खेळाडूच्या हातात अडीच सेकंद असतात. तेवढ्यात त्याने २३ मीटर आडवे कापायचे, बोटीमागच्या दोन्ही लाटा ओलांडायच्या, वेग मारायचा, वळायचे आणि पुन्हा निघायचे. पुरुषांच्या खुल्या गटात ५८ आणि महिलांच्या गटात ५५ ही कमाल गती आहे. नवशिका त्याच्या बराच खालून सुरू करतो आणि एक फेरी पूर्ण जमली की गती ३ किलोमीटरने वाढते. ताशी ४३ ला दोन बोयांत सुमारे ३.४ सेकंद मिळतात. शिकणाऱ्याला तो एक जादा सेकंद फार मोलाचा असतो.

गती कमाल आकड्याला टेकली की पुढची चढण दोरीची. बोट तीच, बोये तेच, दोरी मात्र आखूड होत जाते. १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. हे आकडे नुसते वाचले तर डोक्यावरून जातात, म्हणून वहीवर एक काटकोन त्रिकोण काढून पाहावा. बोया ११.५ मीटर बाजूला आहे. १८.२५ मीटरच्या दोरीने तिथवर पोचायला दोरी बोटीच्या सरळ रेषेपासून साधारण ३९ अंशांत फाकावी लागते. १३ मीटरला तोच कोन ६२ अंश होतो, १२ मीटरला ७३. आणि ११.२५ मीटरला तर दोरीच बोयापेक्षा तोकडी पडते. राहिलेले अंतर खेळाडू आपल्या ताणलेल्या हाताने आणि पाण्यावर आडव्या झालेल्या अंगाने भरून काढतो. जगातले अव्वल पुरुष खेळाडू ९.७५ मीटरच्या दोरीपर्यंत जातात. पावणेदोन मीटरचे अंतर केवळ अंगाने काढायचे, तेही ताशी ५८ किलोमीटरने जाणाऱ्या बोटीमागे! या खेळाचे सौंदर्य आमच्या मते इथेच आहे.

गुणांचा नियम कडक आहे. सहाच्या सहा बोये घेतले, पण आत शिरताना दार हुकले, तर त्या फेरीला शून्य. बोया अर्धामुर्धा जमला तर पाव किंवा अर्धा गुणही मोजला जातो. म्हणून जगात कुठेही कोर्स तोच लागतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणले. तिथले ५० मीटर आणि इथल्या रेंजवरचे ५० मीटर एकच आहेत, म्हणून इथल्या सरावाला तिथे किंमत. तलावात बोये अंदाजपंचे टाकले आणि कुठलाही बोया हातभर आत राहिला, तर पोराला वाटेल आपल्याला जमले. बाहेर स्पर्धेला गेल्यावर तेच पोर पहिल्या फेरीत बाद होईल.

आता पाण्याकडे येऊ. कोर्स २५९ मीटरचा असला तरी बोटीला गती पकडायला, खेळाडूला सावरायला आणि पलीकडे थांबून वळायला दोन्ही टोकांना किमान दोनशे-दोनशे मीटर हवेत. म्हणजे साडेसहाशे ते सातशे मीटर सलग सरळ पाणी. रुंदी ८० ते १०० मीटर. खोली सगळीकडे दीड मीटरपेक्षा कमी नको, दोन मीटर असली तर उत्तम. उथळ पाण्यात बोटीचे नाक उचलले जाते, मागची लाट कडक आणि उंच होते, आणि पडलेल्या माणसाचा पाय तळाला लागण्याची भीती असते.

यापेक्षाही महत्त्वाची आणि हमखास विसरली जाणारी बाब म्हणजे काठ. बोटीची लाट काठाला जाऊन आपटते. काठ मातीचा, उताराचा, गवताचा असेल तर ती तिथेच जिरते. काठाला दगडी भिंत असेल तर ती उलटी फिरते आणि मिनिटाभराने कोर्सच्या मध्यावर येऊन पोचते. पुढच्या फेरीला खेळाडू त्या उलट्या लाटेवर आदळतो. म्हणून रंकाळ्याचा विचार कुणी करू नये. घाट, बांधीव काठ आणि फिरायला येणाऱ्यांची सततची वर्दळ हे सगळे तिथे आहेच, शिवाय केंदाळ आणि शेवाळही. केंदाळाचा एक तुकडा बोटीच्या पंख्यात गुंतला की इंजिन गरम होऊन बंद पडते. स्कीच्या तळाच्या फिनला (पात्याला) गुंतला तर स्की जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. रंकाळा हा कोल्हापूरचा वारसा आहे, त्याला शांतच राहू द्यावे. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव, तिथे पेट्रोलच्या बोटीचे नावही काढू नये.

राजाराम तलाव मोजून पाहायला हरकत नाही. मात्र हिवाळ्यात तिथे पक्षी उतरतात. त्या महिन्यांत बोट घालायची की नाही हे पक्षीनिरीक्षकांशी बोलूनच ठरवावे लागेल. पंचगंगेत बरगे (बंधाऱ्याची दारे अडवायच्या फळ्या) घातल्यावर राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, संथ होते आणि वरून पाहणाऱ्याला मोह पडतो. पण नदीला वळणे आहेत, दोन्ही काठांना शेतीपंपांचे पाइप आहेत, पोहणारे आहेत आणि पाण्याची प्रत सर्वांना ठाऊक आहे. स्कीवरून पडताना पाणी नाकातोंडात आणि कानात जोराने घुसते, नुसते अंगावरून जात नाही. अशा पाण्यात कानाचे दुखणे, पोटाचे विकार आणि पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका खराच असतो. पाण्याची जिवाणू तपासणी केल्याशिवाय तिथे कुणालाही उतरवू नये.

धरणांपैकी राधानगरी आणि काळम्मावाडीचा पाणसाठा अभयारण्याच्या परिसरात येतो. ते सोडूनच द्यावेत. तुळशीसारखे लहान साठे राहतात. तिथे अडचण पातळीची. ऑक्टोबरला काठोकाठ असलेले पाणी मे महिन्यात किती तरी मीटर खाली जाते. म्हणून जागेची पाहणी करायची ती मे महिन्यातच. तेव्हा तळ उघडा पडतो आणि जुन्या शेतांचे बांध, विहिरींचे कठडे, तोडलेल्या झाडांचे बुंधे डोळ्यांनी दिसतात. ऑक्टोबरात वरून सगळे सारखेच निळे दिसते. पण चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या माणसाखाली पाण्याच्या अर्धा मीटर आत विहिरीचा कठडा असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

या सगळ्याला एक पर्याय आहे आणि त्याचा कुणी गांभीर्याने विचार करावा असे आम्हाला वाटते. परदेशात स्लॅलमचे तळे बरेचदा मुद्दाम खोदलेले असते. लांबट, अरुंद, उताराच्या काठाचे आणि दोन्ही टोकांना वळायला बेट ठेवलेले. बोट बेटाला वळसा घालते आणि तिची लाट बेटामागे अडते. आपल्याकडे शिरोळ तालुक्यात क्षारपड आणि पाणथळ जमीन आहे. त्यातली जी निचरा करून पुन्हा पिकाखाली येऊ शकते ती शेतकऱ्याची शेतीच राहिली पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्या तुकड्यात वर्षभर पाणी साचते आणि पीक येण्याची आशा उरलेली नाही, तिथे ६५० मीटर लांब, ८० मीटर रुंद आणि २ मीटर खोल तळे काढले तर माती निघते १,०४,००० घनमीटर. त्याच मातीचे भोवती बांध घालता येतात. बांध मात्र उंच हवेत. २००५, २०१९ आणि २०२१ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर त्या पट्ट्याने पाहिला आहे. पाण्यात क्षार असले तरी खेळाडूला अडचण नाही, इंजिनला आहे. रोज सायंकाळी गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवावे लागेल.

वाऱ्याचे गणितही आधीच मांडावे. वारा कोर्सच्या लांबीच्या दिशेने असला तर निभावते. आडवा वारा एका बाजूच्या बोयाला खेळाडूला बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या बाजूला दोरी सैल करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो. म्हणून कोर्स पूर्व-पश्चिम आखावा असे वाटेल, पण मग सकाळच्या फेरीत सूर्य डोळ्यांत येतो. सराव तांबडे फुटल्यापासून नऊपर्यंतच करायचा असेल तर, वारा पडलेलाच असल्यामुळे, उत्तर-दक्षिण आखणी आम्हाला जास्त पटते. चांगला हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर टिकतो. जूनपूर्वी कोर्स पाण्याबाहेर काढून ठेवायलाच हवा.

कोर्स टाकताना एकेक बोया स्वतंत्र नांगरून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. धरणाची पातळी उतरली की त्या दोऱ्या सैल पडतात आणि बोया वाऱ्याबरोबर मीटर-दीड मीटर हिंडतो. सांगाड्याचा कोर्स बरा. मध्यरेषेवर पाण्याच्या मीटरभर खाली गंजरोधक तारेचा दोर ताणायचा, ठरलेल्या अंतरांवर त्याला आडवे पीव्हीसी पाइप जोडायचे आणि त्या पाइपांना बोये बांधायचे. मधला दोर नायलॉनचा नको. नायलॉन ताणला जातो, मग ४१ मीटरचे ४१ राहत नाहीत. दोन्ही टोकांना काँक्रीटचे जड ठोकळे तळाशी सोडायचे. पाणी फूटभर उतरले की एका टोकाचा दोर आवळावा लागतो, नाहीतर अख्खा सांगाडा धनुष्यासारखा वाकतो. पाइपाचे सांधे पक्के बंद हवेत. बाहेरच्या टोकात पाणी शिरले की तो बोया पाण्याखाली जातो आणि बुडालेला बोया दिसतही नाही. अंतरे काठावर ताणून मोजून घ्यावीत, आणि सांगाडा पाण्यात बसल्यावर टोटल स्टेशन (अंतर-कोन मोजायचे यंत्र) लावून पुन्हा तपासावीत. जिल्ह्यात सर्व्हेअरांची उणीव नाही, एका सकाळचे काम आहे. बोये मऊ रबरी प्लास्टिकचे हवेत. स्की त्यांच्यावर चढते तेव्हा ते दबले पाहिजेत. टणक डबे किंवा रिकामे कॅन बांधून काम भागवणे म्हणजे घोटा मोडायला निमंत्रण.

मग बोट. इथे मागे बाहेर इंजिन टांगलेल्या साध्या आउटबोर्ड बोटीने काम होत नाही. स्लॅलमची बोट सुमारे सहा मीटर लांब असते, इंजिन तिच्या पोटात मधोमध असते आणि दोरी बांधायचा खांबही मध्याजवळच. कारण सरळ आहे. खेळाडू बोटीला मागे खेचतो तितकाच बाजूलाही खेचतो. दोरी मागच्या टोकाला बांधली तर प्रत्येक बोयाला बोटीची शेपूट हलते आणि चालकाला ती २.३ मीटरच्या गल्लीत ठेवता येत नाही. त्याच कारणाने जेट स्कीमागे स्लॅलम खेळायचा प्रकार आम्हाला मुळीच मान्य नाही. गती आता उपग्रहाच्या आधाराने आपोआप राखली जाते. हाताने एक्सलरेटर दाबून ती राखणारे चालक पूर्वी होते, पण नव्या माणसाने तो हट्ट धरू नये. जुन्या, वापरलेल्या बोटीत हे यंत्र चालते का, हे आधी पाहावे, रंगरंगोटी नंतर.

बोटीपेक्षा चालक दुर्मिळ आहे. चांगला चालक खुणेच्या जोडीच्या पुष्कळ आधी बोट सरळ करतो, गती बांधतो आणि मग स्टिअरिंगशी झटत नाही. कोर्स संपल्यावर जोरात यू-टर्न मारणारा चालक सगळ्यांचा सराव बिघडवतो, कारण त्या वळणाची मोठी लाट परत कोर्समध्ये येते. टोकाला गती उतरवायची, खेळाडूला पाण्यात बसू द्यायचे, लाटा पांगू द्यायच्या आणि आलेल्याच रेषेने परत जायचे. खेळाडू पडला तरी हाच संयम हवा. गर्रकन वळून त्याच्याकडे धावू नये, हळू वळून जावे.

शिकण्याचा क्रम सांगतो, कारण इथेही घाई होते. आधी पोहता आले पाहिजे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात शांत तरंगता आले पाहिजे. मग जमिनीवर. गुडघे छातीशी घेऊन उकिडवे बसायचे, हँडल धरायचे, समोरच्याने दोरी खेचायची आणि हात सरळ ठेवून उठायचे. पाण्यातही नेमके हेच. दोन स्कींची टोके पाण्याबाहेर, दोरी दोन्हींच्या मधून, हात सरळ, गुडघे दुमडलेले. बोट आधी संथ पुढे जाऊन दोरीचा ढील काढते, मग गती घेते. दहातले नऊ जण इथे एकच चूक करतात. दोरी ओढली की हात कोपरात वाकवून स्वतःकडे खेचतात आणि पाय लगेच ताठ करतात. पाय ताठ झाले की स्की पाण्यात नांगरासारखी रुतते आणि हँडल हातातून सुटते. बोटीला काम करू द्यावे. अंग वर आल्यावर गुडघे आपोआप उलगडतात. मोठ्या माणसाला दोन स्कीवर ताशी २५ ते ३० किलोमीटर पुरतात, मुलांना २० ते २५. बोटीच्या कडेला आडवा लोखंडी दांडा बसवता येतो. त्याला धरून शिकणारा बोटीच्या शेजारीच उभा राहतो आणि शिकवणाऱ्याचा शब्द त्याला ऐकू येतो. पहिल्या आठवड्यासाठी याहून चांगले साधन नाही.

दोन स्कीवर लाटा ओलांडता आल्या की एक स्की सोडायची. पुढचा पाय कुठला हे ठरवायला मागून हलकेच ढकलून पाहतात. तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडतो तो मागे ठेवावा असे कुणी म्हणतात, कुणी पुढे. आमच्या मते दोन्ही करून बघावे आणि जो पाय मागे असताना उठणे सोपे जाते तोच कायम ठेवावा. एका स्कीवर सुमारे ४० च्या गतीने डावी-उजवी झेप अंगात मुरली, लय आली, की मगच बोये. कोर्सच्या आत जवळ लावलेले सरावाचे बोयेही असतात, ते जरूर लावावेत.

कोर्समध्ये काय चुकते ते एकदा समजले की निम्मे काम होते. खेळाडू खुणेच्या जोडीजवळ बोटीच्या डाव्या अंगाला रुंद निघतो, तिथून आत झेप घेऊन दारातून जातो आणि उजवीकडच्या पहिल्या बोयाकडे सरकतो. तो पुरेसा रुंद गेला नाही तर दारातून जाताना त्याच्याकडे गतीही नसते आणि कोनही नसतो. मग पहिल्या बोयाला हातभर उशीर, दुसऱ्याला मीटरभर, तिसऱ्याला तीन मीटर, आणि चौथा बोया मागे निघून जातो. पाहणाऱ्याला वाटते की चूक चौथ्या बोयाला झाली. ती दाराआधीच झालेली असते. म्हणून पडल्यावर शेवटच्या बोयाबद्दल बोलत बसू नये, दार कसे घेतले ते विचारावे.

लाटा ओलांडताना कंबर मागे जाता कामा नये. कंबर मोडली की दोरीचा ओढा पाठीवर येतो, नजर खाली जाते आणि स्की कडेवर न राहता सपाट चालते. हात सरळ, हँडल कमरेच्या उंचीवर अंगाजवळ, छाती उघडी, कंबर हँडलकडे. दुसरी लाट ओलांडली की धार बदलायची, म्हणजे स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणायची, आणि दोरीचा ओढा धरून ठेवायचा, लगेच सोडायचा नाही. बोयाशी बाहेरचा हात सोडायचा. बोटीकडचा हात हँडलवरच राहतो आणि लांब पसरतो. वळण संपताना हँडल स्वतःकडे झटक्याने ओढले की दोरीला ढील पडतो, पुढच्या क्षणी बोट ती पुन्हा ताणते आणि तो हिसका थेट खांद्यात जातो. दोरी सैल पडली तर गुडघे मऊ ठेवून ताण येण्याची वाट पाहावी. आणि बोयाकडे टक लावून बघू नये, नजर पुढच्या बोयावर हवी.

स्की ६५ ते ६८ इंचांची, आपल्या वजनाला आणि गतीला बसेल अशी. तिच्या तळाला मागे जी फिन असते ती मिलिमीटरच्या अंशाने सरकवली तरी वळण बदलते. म्हणूनच नव्या खेळाडूने पहिली दोन वर्षे तिला हात लावू नये, नाहीतर दोष स्वतःचा की फिनचा हे कळत नाही. बुटांबाबत एकच सांगतो. पडताना दोन्ही पाय सुटावेत किंवा दोन्ही आत राहावेत. एक सुटला आणि एक अडकला की घोट्याचे हाड जाते. दोरी उन्हात वाळत ठेवू नये. जिथे रंगीत फासे जोडलेले असतात तिथले धागे दर आठवड्याला बोटाने चाचपावेत. त्या फाशांवरूनच दोरी आखूड करतात, आणि दोरी तुटते तीही तिथेच.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. बोटीत चालकाखेरीज मागे तोंड करून बसलेला एक निरीक्षक हवाच. चालकाने पुढे बघायचे, खेळाडूकडे निरीक्षकाने. अंगठा वर म्हणजे गती वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर हात म्हणजे काठाला चला, गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. पडल्यावर खेळाडूने हात वर करून आपण ठीक आहोत हे कळवायचे. हात वर दिसला नाही तर मात्र बोटीने थेट त्याच्याकडे जायचे. उचलून घेताना इंजिन पूर्ण बंद, नुसते न्यूट्रल चालणार नाही. हँडलला दोरी जोडताना होणाऱ्या त्रिकोणात हात, कोपर किंवा डोके कधीही घालू नये आणि दोरी मनगटाला गुंडाळू नये. त्या त्रिकोणावर जाळीचे कव्हर मिळते, ते बसवावे.

परवानगीही लागेल. यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली येते. पाणी जलसंपदा विभागाचे, महापालिकेचे की ग्रामपंचायतीचे, हेही आधी ठरावे. ज्यांना पेट्रोलची बोट नको वाटते त्यांच्यासाठी टॉवरला बांधलेल्या तारेने विजेवर ओढायची पद्धत आहे. ब्रूनो रिक्सेन या जर्मन अभियंत्याने ती साठच्या दशकात रुजवली. नवशिक्यांना ती छान, पाण्यात तेल जात नाही आणि बोटीपेक्षा जास्त माणसे खेळतात. बोटीमागच्या स्लॅलमचा सराव मात्र तिने होणार नाही.

जिल्हा क्रीडा कार्यालय आणि जलसंपदा विभाग यांच्याकडे आमची मागणी एवढीच आहे. येत्या मे महिन्यात लहान साठ्यांची पाहणी करून लांबी, रुंदी, खोली, काठाचा उतार, पातळीतला फरक आणि पाण्याची तपासणी असा तक्ता तयार करावा आणि तो जाहीर करावा. निविदा काढायची झालीच तर तिच्यात बोटीच्या आधी या चार अटी लिहाव्यात. मोजून प्रमाणित केलेला २५९ मीटरचा कोर्स, प्रशिक्षित चालक, स्वतंत्र निरीक्षक आणि उचलताना इंजिन बंद ठेवण्याचा लेखी नियम. ज्या ठेकेदाराला या अटी जाचक वाटतील त्याला तलाव देऊ नये.

आपले,
काही जलक्रीडाप्रेमी वाचक, कोल्हापूर